गुरुपादप्पांचं बोट

गुरुपादप्पा बेळकोणे यांनी अंपायर म्हणून उभ्या हयातीत कुणाला आउट दिलेलं नाही, ही गोष्ट नांदेडात लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती. आता दांडी उडाली, किंवा सीमारेषेवर सगळ्या गावादेखत झेल पकडला, तर बॅट्समन आपला आपण चालता व्हायचा; तिथं अंपायरला विचारतो कोण? पण जिथं बोट वर करायची वेळ यायची, तिथं आप्पांची मान हलायची ती आडवीच. वजिराबादेतल्या त्यांच्या भांड्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, जरा कमी करा की," तर तीच मान उभी हलायची. दोन्हीचा अर्थ एकच. समोरच्याचं मन मोडायचं नाही.

हे सगळं घडायचं ते कवायत मैदानावर. निजामाच्या काळात तिथं घोडेस्वारांची कवायत चालायची. घोडे गेले, निजाम गेला, कॉलेज आलं. पुढं गावाबाहेर विद्यापीठ झालं, तिकडं हिरव्यागार गवताची मैदानं झाली, पण फायनल म्हटली की ती कवायत मैदानावरच व्हावी असा नांदेडचा हट्ट. मैदानाच्या आत, सीमारेषेच्या अलीकडंच, एक दांडगी चिंच आहे. बॉल चिंचेच्या खोडाला लागला की चार धावा, आणि फांदीत अडकला तर खाली पडेपर्यंत पळत राहायचं, असा तिथला कायदा. एकदा एका सामन्यात बॉल असा अडकला की दोघं बॅट्समन पळून पळून शेवटी खेळपट्टीवरच मांडी घालून बसले आणि फिल्डर झाडावर चढून चिंचा खात बसला. पण झाड तोडा असं कधी कुणी म्हणालं नाही.

आप्पा अंपायर झाले तेसुद्धा खेळामुळं नव्हे, कपड्यांमुळं. बक्षिसाचा चषक त्यांच्याच दुकानातून जायचा. तरुणपणी एकदा ते चषक घेऊन रिक्षातून मैदानावर उतरले, तर सामना खोळंबलेला. आदल्या दिवशीच्या लग्नातलं जेवण एका अंपायरच्या पोटाला मानवलं नव्हतं, आणि तो आडोशाला गेला तो परत यायचं नाव घेईना. स्पर्धेचे सेक्रेटरी शेषेराव तेव्हा कॉलेजात खेळाचे शिक्षक होते. त्यांनी आप्पांकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळावर विभूतीसुद्धा पांढरी.

"आप्पा, तुम्ही आयतेच पांढरे हाव," शेषेराव म्हणाले. "उभं राहा फकस्त."

आप्पांना नाही म्हणता येत नव्हतंच. राहिले उभे. थोड्या वेळानं अकरा माणसं एकदम त्यांच्याकडं वळून ओरडली, "हावज्याट!"

आप्पा दचकले. "काय झालं? कुणाला चावलं का काय?"

मग त्यांना समजावून सांगण्यात आलं की समोरच्या पोरानं खेळायचं का घरी जायचं, ते आता त्यांनी ठरवायचं. आप्पांनी त्या पोराकडं बघितलं. पोरगं बॅट छातीशी धरून त्यांच्याकडं बघत होतं.

"राहू द्या की त्याला," आप्पा म्हणाले. "आत्ताच तर आलाय."

पुढं त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं, पाठ केलं, पंचांची परीक्षाही दिली. पांढरी हॅट घेतली. वाइड, नो-बॉल यांत ते कधी चुकायचे नाहीत. पण बॅट्समन पायचीत दिसला तरी त्यांना वाटायचं, चेंडू कदाचित वळलाही असता. माणसाला संधी द्यावी. याचा एक भलताच फायदा नांदेडला झाला. आप्पांकडून एलबी मिळणार नाही हे पक्कं झाल्यावर इथल्या बॉलरनी पायांचा नाद सोडला आणि ते थेट दांड्या उडवायला शिकले. बाहेरगावचे लोक म्हणायचे, नांदेडचे बॉलर फार सरळ टाकतात. टाकतील नाहीतर काय करतील?

याला अपवाद मुदखेडचा दयानंद. रेल्वेत नोकरी, अंगानं उंच, बॉल जोरात, पण तो नेमका आत वळून पायावर बसायचा. कितीतरी वर्षं हा माणूस आप्पांपुढं हात जोडत, गुडघे टेकत, कधी आकाशाकडं बघत अपील करत आला होता. एकदा तर त्यानं, "आप्पा, माहूरच्या देवीची आण घेऊन सांगतो, सरळ दांडीवर होता!" असं म्हटलं. आप्पा म्हणाले, "देवीला मधी आणू नको बाबा. बॉलिंग छान हाय तुझी."

मैदानावर हे खपून जायचं. घरात त्याचा त्रास व्हायचा. दारावर येणाऱ्या कुठल्याही विक्रेत्याला आप्पांनी रिकाम्या हातानं पाठवलं नव्हतं, त्यामुळं घरात पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं होती आणि त्यांच्या बायको शरणम्मा मात्र माठातलंच पाणी प्यायच्या. कळस झाला तो मुलीच्या लग्नाच्या वेळी. शिवानी बँकेत अधिकारी होती. तिच्यासाठी एकाच आठवड्यात दोन स्थळं आली आणि आप्पांनी दोन्हीकडं "होय, आमची पसंती हाय," असं कळवून टाकलं. मग शिवानीनं स्वतः दोन्ही घरी फोन करून, माफी मागून, ते निस्तरलं.

"आप्पा," ती त्या दिवशी म्हणाली, "मी दिवसभर बँकेत लोकांना नाही म्हणते. घरी आल्यावर पण तेच काम?"

आप्पांनी मान खाली घातली. "काय करू बेटा, समोरचा माणूस आस लावून बसलेला असतोय गं."

तिसरं स्थळ लातूरचं होतं. मुलगा शिवप्रसाद. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, आणि लातूरच्या संघाकडून खेळायचाही. त्या वर्षीची फायनल नांदेड आणि लातूर यांच्यात ठरली, तेव्हा मुलाचे वडील सिद्धेश्वरअप्पा यांचा फोन आला. "रविवारी मॅच हायच. सामना झाला की संध्याकाळी मुलगी बघून घेऊ. एकाच फेरीत दोन कामं."

आप्पांनी अर्थातच होय म्हटलं. पण फोन ठेवला आणि ते तडक शेषेरावांकडं गेले. शेषेराव आता रिटायर झाले होते, पण सेक्रेटरीपद काही सुटलं नव्हतं.

"सर, मला या सामन्याला ठेवू नका. समोर होणारा जावई. लोक काय म्हणतील? पक्षपात म्हणतील."

शेषेरावांनी चष्मा काढला. "आप्पा, तुम्ही कुणालाच आउट देत न्हाई. मग पक्षपात व्हणार कसा?"

आप्पा उठून घरी आले. शरणम्मांना मात्र वेगळीच काळजी होती. रविवारी सकाळी शेंगाच्या पोळ्यांसाठी दाण्याचं कूट करता करता त्या म्हणाल्या, "हे बघा, आज काही करा, पण त्या पोराला आउट देऊ नका. अय्यो, पाव्हणे चिडले तर एवढ्या पोळ्या कोण खाणार?"

"मी कधी दिलाय काय कुणाला?"

"म्हणूनच तर सांगून राहिले. आजच बुद्धी व्हायची."

शिवानी चहा पीत होती. ती एवढंच म्हणाली, "आप्पा, जे दिसेल ते द्या. माझ्याकडं बघू नका."

मैदान भरून गेलं होतं. थंडीचे दिवस, ऊन अंगाला गोड लागत होतं. लातूरहून गाड्या भरून माणसं आली होती. नांदेडनं आधी खेळून बऱ्यापैकी धावा केल्या. मग लातूरची सलामीची विकेट लवकर पडली, दांडी उडूनच, आणि शिवप्रसाद आत आला. गोरा, नाकेला पोरगा, नवंकोरं हेल्मेट. तो आपल्या जागेवर गेलाच नाही. सरळ चालत आप्पांच्या टोकाला आला, हेल्मेट काढलं, आणि भर खेळपट्टीवर वाकून त्यांच्या पायाला हात लावला.

"शरणार्थ, आप्पा."

लातूरच्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. नांदेडची पोरं ओरडली, "ओ, हे काय चाललंय? मॅच हाय का साखरपुडा?" आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. किती संस्कारी पोरगं! तिकडं बॉल हातात घेऊन उभ्या दयानंदनं तो नमस्कार बघितला आणि त्याचे खांदेच पडले.

त्यानं टाकलेला दुसराच बॉल शिवप्रसादच्या पायावर, दांडीच्या बरोबर समोर बसला. अख्खा संघ ओरडला. आप्पांनी मान आडवी हलवली. यात नवीन काही नव्हतं. पण दयानंदच्या पुढच्या ओव्हरीत जे झालं ते वेगळं होतं. बॉल बॅटची कड घेऊन कीपरच्या हातात गेला, आणि कड अशी वाजली की चिंचेवरचे कावळे उडाले. रस्त्यावरचा एक रिक्षावाला थांबून म्हणाला, "गेला वाटतं!" कीपर नाचायला लागला. शिवप्रसाद जागचा हलला नाही. त्यानं आकाशात उडालेल्या कावळ्यांकडं बघितलं, मग आप्पांकडं बघितलं, आणि गोड हसला.

आप्पांची मान आडवी हलली.

दयानंद डोकं धरून खाली बसला. "आप्पा, कावळ्यानं ऐकलं हो! तुम्ही न्हाई ऐकलं?"

त्या ओव्हरच्या शेवटी एक धाव काढून शिवप्रसाद आप्पांच्या टोकाला आला, आणि ओव्हर बदलेपर्यंत तिथंच बॅटवर रेलून उभा राहिला. हळूच म्हणाला, "थँक्यू आप्पा. चांगलीच लागली होती."

आप्पांना कसंतरी वाटलं. लागली होती हे त्यांनाही कळलं होतं. पण हे पोरगं ते इतक्या सहज, पान खाल्ल्यासारखं सांगत होतं. त्यांना वाटलं, निदान जरा तरी लाजायला पाहिजे होतं.

"लातूरला सगळ्यांना माहीत आहे," शिवप्रसाद पुढं म्हणाला, "बेळकोणे आप्पांच्या तोंडात नाही हा शब्दच नाही. म्हणून तर पप्पा म्हणाले, बघण्याचा कार्यक्रम नुसता नावाला. बरं, एक सांगायचं राहिलं. शिवानीची नोकरी... क्लासचं ऑफिस सांभाळायला घरचं माणूस लागतं आम्हाला. तेवढा राजीनामा..."

"ते तिला विचारावं लागंल," आप्पा म्हणाले.

"विचारा की. आणि नाव. शिवप्रसाद आणि शिवानी म्हणजे भाऊबहीण वाटतात हो. आईनं स्नेहल ठरवलंय. पत्रिकेचा नमुनासुद्धा तयार आहे. तुमची काही हरकत नसणारच."

तेवढ्यात शेषेरावांनी मांडवातून पाणी पाठवलं म्हणून खेळ थांबला. आप्पांनी पाणी घेतलं नाही. शिवानी हे नाव त्यांनी ठेवलं होतं. बारशाच्या दिवशी शरणम्मांना बसम्मा ठेवायचं होतं, त्यांच्या आजीचं. आप्पांच्या आईला पार्वतम्मा. सगळं घर भांडत होतं, आणि सगळ्यांना होय होय म्हणणाऱ्या आप्पांनी ऐनवेळी पाळण्याजवळ जाऊन पोरीच्या कानात तिसरंच नाव सांगून टाकलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी स्वतःच्या मनानं केलेली तेवढी एकच गोष्ट. आणि आता ती स्नेहल होणार होती, आणि पत्रिकेचा नमुनाही तयार होता.

खेळ सुरू झाला. मधली एक ओव्हर संपली आणि पुन्हा दयानंद धावत आला. बॉल आत वळला, शिवप्रसादच्या बॅटला जरासा, अगदी जरासा चाटला आणि पायावर आदळला. बॅटला लागलेला बॉल, म्हणजे पायचीत होतच नाही. हे नियमांचं पुस्तक पाठ असलेल्या आप्पांना आणि मैदानातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. दयानंदनं अपील केलं ते नुसतं सवयीनं. नेहमी "आज नको" म्हणणाऱ्या घरासमोर भाजीवाला हाळी देतो तसं. "हावज्याट, आप्पा..." आणि उत्तराची वाट न बघता तो पाठ फिरवून चालायलाही लागला.

आप्पांचं बोट वर गेलं.

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. स्क्वेअर लेगचा दुसरा अंपायर अमरनाथ पळत आला. "आप्पा, हात आखडला का? वात आला का? खाली बसा, खाली बसा."

"हात बरा हाय," आप्पा म्हणाले. "आउट."

दयानंद वळला. त्यानं बोट बघितलं. मग स्वतःच्या मागं कुणी उभं आहे का ते बघितलं. आणि मग तो जो ओरडत सुटला तो थेट चिंचेपर्यंत पळाला आणि झाडाला मिठी मारून रडायला लागला.

शिवप्रसाद लालबुंद होऊन चालत आला. "आप्पा! बॅटला लागला होता बॉल!"

"हाव," आप्पा शांतपणे म्हणाले. "मगाशी बी लागला होता."

लातूरच्या माणसांनी दंगा केला. खेळ बराच वेळ थांबला. शेषेराव मैदानात येऊन आप्पांच्या कानाशी लागले, "अहो, तुमच्या भरवशावर मी पक्षपात व्हणार न्हाई म्हणून सांगितलं होतं की!" पण अंपायरचा निर्णय तो निर्णय. शिवप्रसाद गेला. गंमत म्हणजे त्यानंतर लातूरच्या शेपटाकडच्या पोरांनी सामना जिंकूनही टाकला. शेवटचा फटका चिंचेच्या खोडाला लागला. चषक आप्पांच्याच दुकानातला होता, तो लातूरला गेला. पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही. सगळं नांदेड बोटाबद्दल बोलत होतं.

आप्पा घरी निघाले ते पाय ओढत. आता त्यांचा धीर खचला होता. दार शरणम्मांनी उघडलं. बातमी मोबाइलवरून आधीच घरी पोचली होती, व्हिडिओसकट. लातूरची मंडळी सरळ गावाकडं निघून गेल्याचा निरोपही आला होता.

"दिलात," शरणम्मा म्हणाल्या.

"दिला."

"का?"

आप्पांनी सगळं सांगितलं. राजीनाम्याचं सांगितलं, तेव्हा शिवानी दारात येऊन उभी राहिली. नावाचं सांगितलं, तेव्हा शरणम्मांनी कमरेवर हात ठेवले.

"स्नेहल? बसम्मा सोडून तुम्ही दुसरंच ठेवलंत, ते मी ऐकून घेतलं. आणि ही बाई कोण स्नेहल ठेवणारी? साकु, पुरे!" त्या भडकल्या की कन्नड यायची. "चांगलं केलंत. दोनदा द्यायला पाहिजे होता आउट."

"पण आउट नव्हता तो," आप्पा पडक्या आवाजात म्हणाले. "एवढ्या वर्षांत एकदा दिला, अन् तोही चुकीचा दिला."

शिवानीला हसू फुटलं, आणि ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. आप्पांना वाटलं रडतेय. ते तिच्या शेजारी जमिनीवर बसले. ती डोळे पुसत म्हणाली, "आप्पा, झाडाला मिठी मारून कोण रडत होतं हो व्हिडिओत?"

तो रडणारा तासाभरात दारात हजर झाला. दयानंदच्या हातात पेढ्यांचा पुडा होता आणि मागं अख्खा नांदेडचा संघ. हरलेला संघ जिंकल्यासारखा नाचत होता. शेंगाच्या पोळ्या, खारं वांगं, पोहे, सगळं पाव्हण्यांसाठी केलेलं होतं. ते या पोरांनी साफ केलं. शरणम्मा वाढता वाढता थकल्या, पण तोंडानं म्हणत राहिल्या, "घ्या रे, घ्या, उरवू नका." दयानंद जेवून उठताना आप्पांच्या पाया पडला. आप्पांनी त्याला उठवलं. "तो बॅटला लागला होता बरं का," ते कळवळून म्हणाले. दयानंद म्हणाला, "माहीत हाय आप्पा. पण माझ्या आईला सांगू नका."

दोन दिवसांनी सिद्धेश्वरअप्पांचा फोन आला. सूर मोठ्या मनाचा होता. "झालं गेलं. पोरगं रागात होतं, आता शांत झालंय. तुम्ही फक्त एवढं म्हणा, की तुमचं चुकलं."

"चुकलंच," आप्पा म्हणाले. "साफ चुकलं. तो आउट नव्हता."

"मग झालं तर! सोयरीक पक्की समजतो."

"सोयरीक न्हाई," आप्पा म्हणाले, आणि फोन ठेवून दिला. थोड्या वेळानं त्यांना बरं वाटायला लागलं. शरणम्मांनी न मागता चहा आणून दिला.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. नाही म्हणता येतं असा शोध उतारवयात लागलेल्या माणसाला आवर घालणं अवघड. आप्पांनी पाण्याच्या यंत्रवाल्याला नाही म्हटलं. गणपतीच्या मंडळाला नाही म्हटलं, मग वाईट वाटून दुसऱ्या दिवशी बोलावून आणलं. दुकानात कमी करा म्हणणाऱ्या एका म्हाताऱ्याला नाही म्हटलं, तेव्हा त्यानं घाबरून विचारलं, "आप्पा, तब्येत बरी हाय ना?" आणि मैदानावर तर कहर झाला. शिक्षकांच्या एका मैत्रीच्या सामन्यात आप्पांनी बोट वर करायचा धडाका लावला, अपील व्हायच्या आधीच. त्यात एक मुख्याध्यापक तर बॉलरच्या टोकाला नुसते उभे असताना बाद झाले. शेवटी शेषेराव हात जोडून घरी आले. "आप्पा, जरा मधी कुठंतरी थांबा की. बॅट्समन यायला तयार न्हाईत."

हळूहळू आप्पा मध्ये कुठंतरी थांबले. आता ते दिसेल तसं देतात. चुकतातही कधी, आणि मग रात्री जेवताना शरणम्मांना सांगतात.

पुढच्या उन्हाळ्यात शिवानीची बदली माहूरला झाली. बढतीवर. आप्पांनी ऐकलं आणि छाती पुढं काढून म्हणाले, "न्हाई. एकटीनं एवढ्या लांब जायचं न्हाई."

शिवानीनं बॅगेची चेन लावली. "आप्पा, तुमचं नाही मला आवडतं. पण हे नाही मी ऐकणार नाही."

त्यांनी शरणम्मांकडं बघितलं. शरणम्मा डब्यात धपाटे भरत होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. मग आप्पाच बॅग घेऊन तिला बसस्टँडवर सोडायला गेले. बसला ही गर्दी. आप्पांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली आणि वर चढले, तर रुमालावर एक जाडजूड गृहस्थ पसरून बसलेला.

"ही जागा आमची हाय," आप्पा म्हणाले.

"रुमालानं कुठं जागा होती का, आप्पा? जाऊ द्या की, बसू द्या की मला. किनवटला उतरायचंय."

तो आस लावून बघत होता. शिवानी मागं उभी राहून वाट बघत होती. आप्पांनी त्याच्याकडं बघितलं, रुमालाकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला.

"न्हाई," ते म्हणाले. आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, "किनवटपर्यंत जरा सरकून बसा. दोघं मावता."

गृहस्थ सरकला. शिवानी खिडकीशी बसली, आणि बस माहूरच्या रस्त्याला लागली.